मंत्रचळ आणि मॅजिक मशरूम : संशोधन नेमकं काय म्हणतंय? (भावासाठी विचारतोय)

सुहास_जुळेसोलापूर | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आठ महिन्यांत सोडून घरी आला. त्याला ओसीडी आहे, म्हणजे नको तो विचार डोक्यातून जात नाही आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावतो असा आजार. आमची आजी असल्या माणसाला 'मंत्रचळ लागलाय' म्हणायची. तो शब्द लहानपणी ऐकला तेव्हा हसू यायचं, आता येत नाही.

त्याची धास्ती एकच. हाताला काहीतरी विषारी लागलंय आणि ते आपल्यामुळे घरच्यांच्या पोटात जाणार. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाण्याच्या दिवशी आई पहाटे उठून टाकी, तीन पिंपं, घागरी, कळश्या भरते आणि त्यातलं एक पिंप त्याच्या एकट्याच्या आंघोळीला जातं. दीड तास. मध्ये कुणी दार वाजवलं की मोजणी चुकते, मग पुन्हा पहिल्यापासून. हात कोपरापर्यंत फुटलेत. आई खोबरेल लावते, तर 'हे काय लागलं' म्हणून तो परत धुतो. उन्हाळ्यात टँकर मागवलाय आम्ही, चार माणसांच्या घराला.

गेल्या आठवड्यात त्याने मोबाईल पुढे धरला. सायलोसायबिन, म्हणजे मॅजिक मशरूममधलं द्रव्य, ओसीडीवर चालतं, एका डोसात शंभर टक्के फरक, अमेरिकेत सिद्ध झालंय. टेलिग्रामवर कुणीतरी कुरिअरने पाठवायला तयार आहे. 'दादा, एकदाच. मग संपलं.' मी नाही म्हणालो. तो म्हणाला, 'तू वाचलंयस का?'

वाचलं नव्हतं. म्हणून आठवडाभर रात्री बसून वाचलं. माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे चुकलो तर दुरुस्त करा.

तो म्हणतो तो अभ्यास खरा आहे. ॲरिझोना विद्यापीठात मोरेनो आणि सहकाऱ्यांनी केला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण किती? ९. या आकड्यापाशी मी थांबलो. आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर याहून जास्त पोरं बसतात. त्या ९ जणांना वेगवेगळ्या वेळी, किमान एकेक आठवड्याच्या अंतराने, जास्तीत जास्त चार डोस दिले. एकूण २९ डोस झाले. लक्षणं मोजायला येल-ब्राउन नावाची पट्टी आहे, ० ते ४० गुणांची. त्या पट्टीवर लक्षणं २३ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत उतरली. म्हणजे भावाने दाखवलेला 'शंभर' खोटा नाही, पण तो वरच्या टोकाचा आकडा आहे.

मला खटकलं ते पुढचं. सगळ्यात छोटा डोस, वजनाच्या दर किलोला २५ मायक्रोग्रॅम, हा जवळजवळ काहीच होऊ नये म्हणून ठेवलेला होता. मोठा डोस ३०० चा. तर त्या छोट्या डोसानेही लक्षणं उतरली. डोस वाढवला म्हणून गुण जास्त आला, असं स्पष्ट दिसलंच नाही. आणि ही मोजणी कधीची? डोस दिल्यापासून चोवीस तासांच्या आतली. एका रुग्णाला सहा महिन्यांनंतरही बरं होतं अशी नोंद आहे. बाकीच्यांचं दीर्घकाळात काय, हे या अभ्यासातून कळत नाही.

आणखी एक. प्रत्येक डोसाच्या वेळी माणूस आठ तास देखरेखीखाली होता, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, शेजारी प्रशिक्षित माणसं. ती रात्र मनोरुग्ण विभागात मुक्काम. एकाचं रक्तदाब तात्पुरतं वाढलं, ते तिथल्या तिथे बघता आलं. माझा भाऊ ते आमच्या गच्चीवर घेणार होता.

दोन प्रश्न. यानंतर काय संशोधन झालंय? आणि त्याला 'नाही' म्हणताना मी त्याच्या हातात दुसरं काय देऊ? नुसतं नाही म्हणून तो माझं ऐकणार नाही.

बाळीवेस_बॉय | रविवार, रात्री ११:५१

दादा, मी पन सोलापूरचाच. येवढं काय घाबरायलाव? माझा दोस्त कोडाईकॅनलला जाऊन खाऊन आलाय, लई शांत झालाय म्हनायलाय. जमिनीतनं उगवलेलं आहे, केमिकल नाय. भाऊ येवढा तरास काढायलाय तर एकदा बघू द्या की.

प्राजक्ता_वि | सोमवार, सकाळी ७:०५

सुहासदादा, तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. मी मानसोपचारात काम करते. माहेर सोलापूरचं, सध्या बाहेर असते. इथे सल्ला देत नाही, माहिती देते.

आधी बाळीवेसच्या भावाला. तुझ्या मित्राला ओसीडी होता का? नसेल तर त्याच्या शांत होण्यावरून याच्या भावाबद्दल काही सांगता येत नाही. ओसीडी असलेल्या माणसाचं मन 'मला काहीतरी विषारी लागलंय' या विचाराभोवती आधीच घिरट्या घालत असतं. सायलोसायबिनचा अंमल चार ते सहा तास राहतो आणि त्यात मनात असेल ते मोठं होऊन समोर येतं. देखरेखीत असताना शेजारी हात धरायला कुणीतरी असतं. गच्चीवर, कुठून आलेलं, किती ताकदीचं, त्यात काय मिसळलंय याचा पत्ता नसलेलं काहीतरी पोटात घेतल्यावर, 'आपण आत्ता खरोखरच विष घेतलं' हा विचार पाच तास धरून बसला तर? जमिनीतून उगवण्याचं म्हणाल तर धोतराही जमिनीतूनच उगवतो.

आता संशोधन. सायलोसायबिन शरीरात गेलं की त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या काही ग्राहकांवर (रिसेप्टरवर), मुख्यतः २ए नावाच्या ग्राहकावर, बसतं. ओसीडीत कपाळामागचा मेंदूचा भाग, खोलवरचा स्ट्रायटम आणि थॅलॅमस यांच्यातलं वर्तुळ अडकलेलं असतं असं मानतात. घरात गॅसचा वास आला की आपण उठतो, बघतो, बंद आहे म्हणून परत येऊन झोपतो. यांच्या डोक्यातली घंटा बघून आल्यावरही वाजत राहते. सायलोसायबिन ते अडकलेपण काही काळ सैल करतं, अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, सिद्ध व्हायची आहे.

२००६ च्या अभ्यासात तुलनेसाठी निव्वळ खोट्या औषधाचा गट नव्हता. ती उणीव भरायला येल विद्यापीठात केल्मेंडी आणि पिटेंजर यांच्या गटाने चाचणी आखली. त्यात काहींना सायलोसायबिन आणि काहींना नायसिन. नायसिन म्हणजे एक जीवनसत्त्वच, पण ते घेतलं की अंग गरम होतं, चेहरा लाल होतो, म्हणजे रुग्णाला 'काहीतरी होतंय' असं वाटावं. तरीही अडचण सुटत नाही. ज्याला समोरची भिंत श्वास घेताना दिसली त्याला आपल्याला काय मिळालं ते कळतंच. या क्षेत्रातली ही सगळ्यात अवघड गाठ आहे, कारण 'मला खरं औषध मिळालं' ही आशासुद्धा गुण आणते. छोट्या डोसानेही फरक पडला हे तुम्हाला खटकलं ना, तिथे हीच शंका येते.

नैराश्यावरची चाचणी त्यामानाने मोठी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, २३३ रुग्ण. २५, १० आणि १ मिलिग्रॅमची तुलना. २५ वाल्यांना तीन आठवड्यांनी जास्त बरं वाटलं. पण आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणं हे तिन्ही गटांत काही जणांमध्ये दिसलं, आणि तेही इतक्या देखरेखीत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन देण्याची परवानगी दिली, ती उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. ओसीडीसाठी नाही.

आता माझे तुम्हाला प्रश्न. भावाला आजवर कोणतं औषध, किती डोस, किती आठवडे? ईआरपी, म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचा उपचार, झालं का? घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर? सध्या काही गोळ्या चालू आहेत का?

अण्णा_साखरपेठ | सोमवार, सकाळी ९:३०

मी सत्तरीचा माणूस, औषधातलं कळत नाही. एक सांगतो. आमची आई कडक सोवळ्याची. सोवळ्यात असताना आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. पण मी पाच वर्षांचा असताना जिन्यावरून पडलो, डोकं फुटलं, तेव्हा ती ओल्या लुगड्यानिशी धावत आली आणि मला उचललं. सोवळं मोडलं, संध्याकाळी पुन्हा आंघोळ केली, संपलं. माझ्या थोरल्या बहिणीचं तसं नव्हतं. तिचं स्वतःचं मूल रडत होतं आणि ती मोरीतून बाहेर येऊ शकत नव्हती, तीही रडत होती. घरचे म्हणायचे आईवर गेलीय, सोवळं फार. कुणाच्या लक्षातच आलं नाही की ती आजारी आहे. तिची आंघोळ कधी संपायचीच नाही. तुमच्या भावाचा आजार निदान तुम्हाला कळलाय. रागावू नका पोरावर.

कोर्टाची_पायरी | सोमवार, दुपारी १:१५

कायद्याची बाजू लिहितो, कारण कुरिअरचा विषय निघालाय. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. सायलोसायबिन, सायलोसिन, एलएसडी ही तिन्ही त्यातल्या मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहेत. जवळ बाळगणं, विकत घेणं, मागवणं, सगळं गुन्हा. डॉक्टर-संशोधकांना परवानगीने काम करायची वाट कायद्यात आहे, ती टेलिग्रामवरून जात नाही.

काही जण म्हणतील केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मशरूमबद्दल वेगळं म्हटलंय. म्हटलंय, जामिनाच्या प्रकरणात. मशरूम ही नैसर्गिक बुरशी आहे, तिला मिश्रण धरून पूर्ण वजन मोजता येणार नाही, असा मुद्दा होता. त्याचा अर्थ 'मशरूम कायदेशीर झालं' असा नाही. आणि एलएसडीचं प्रमाण तर बघा, ०.१ ग्रॅम ही व्यापारी मात्रा, तिथे शिक्षा किमान दहा वर्षं. 'मशरूम' म्हणून आलेल्या पाकिटात काय निघेल हे तुमच्या भावाला माहीत नाही, पोलिसांना प्रयोगशाळेतून कळेल. चोवीस वर्षांच्या पोराचं आयुष्य त्यात जाऊ नये.

सुहास_जुळेसोलापूर | सोमवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. अण्णा, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली.

प्राजक्ताताई, तुमचे प्रश्न घेऊन भावासोबत बसलो. जे बाहेर आलं ते लिहायला मला अवघड जातंय, कारण मोठा भाऊ म्हणून हे मला आधी कळायला हवं होतं.

औषध : दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. सगळ्यात कमी डोस. याने ती १८ दिवस घेतली. पोटात मळमळायला लागली, फरक पडेना, म्हणून बंद. पुण्यात दुसरीकडे दाखवलं, तिथे झोपेची गोळी मिळाली. ईआरपी : नावच ऐकलेलं नाही. समुपदेशन म्हणून तीन वेळा गेला, तिथे 'सकारात्मक विचार कर' असं सांगितलं. मधल्या काळात आई-बाबांनी त्याला बाहेरचं काही आहे का बघायला एका ठिकाणी नेलं, तिथे लिंबू-नारळ झालं. आमच्या वडिलांचे एक काका शेवटी शेवटी भास होऊन घर सोडून गेले होते. ते काय होतं हे कुणाला माहीत नाही.

सध्या गोळ्या काही चालू नाहीत.

प्राजक्ता_वि | मंगळवार, सकाळी ६:५०

दादा, सांगितलंत हे फार चांगलं केलंत.

हे नीट वाचा आणि भावालाही वाचू द्या. हे सगळे अभ्यास अशा लोकांवर आहेत ज्यांनी नेहमीचे उपचार घेऊन पाहिले आणि गुण आला नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत उपचार फसलेले नाहीत, ते अजून झालेलेच नाहीत. ओसीडीला सेरोटोनिनवरची औषधं लागतात ती बहुधा नैराश्यापेक्षा जास्त डोसात, आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. १८ दिवसांत सगळ्यात कमी डोसावर काही झालं नाही यात त्याचा दोष नाही आणि त्या औषधाचाही नाही. सुरुवातीची मळमळ बऱ्याच जणांना होते, बहुतेकांची काही दिवसांत जाते, हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

त्या काकांचं डॉक्टरांना नक्की सांगा. घराण्यात भासांचा किंवा वास्तवापासून तुटण्याचा आजार असेल तर या संशोधनात माणसाला सहसा घेतच नाहीत, कारण सायलोसायबिनने तसला आजार उघडा पडण्याची भीती असते. म्हणजे ज्या चाचणीच्या जोरावर तो हे मागवतोय, त्या चाचणीने कदाचित त्यालाच दारातून परत पाठवलं असतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी : गोळ्या चालू असताना हे घेतलं तर सेरोटोनिनची औषधं त्याचा परिणाम बोथट करतात. म्हणून काही जण मनानेच गोळ्या बंद करतात आणि ओसीडी उसळून वर येतो. लिथियम चालू असताना घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत. हे खेळायचं काम नाही.

गोट्या_पुरणारा_उंदीर | मंगळवार, दुपारी ४:१०

मी प्राण्यांवरच्या प्रयोगांचं वाचत असतो, नाव त्यावरूनच घेतलंय. पिंजऱ्यातल्या भुश्शावर काचेच्या गोट्या ठेवल्या की उंदीर त्या पुरत सुटतात, एकामागून एक. ओसीडीच्या औषधांनी हे पुरणं कमी होतं, म्हणून ही चाचणी वापरतात. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी सायलोसायबिन असलेल्या मशरूमने ते कमी होतं असं दाखवलं. नंतर जेरुसलेमच्या गटानेही सायलोसायबिनवर तेच पाहिलं, आणि मजेची गोष्ट अशी की २ए ग्राहक आधी बंद करून ठेवला तरी गुण टिकला.

हे खरं ठरलं तर अर्थ मोठा आहे. भास होतात ते २ए मुळे. म्हणजे कदाचित भासांशिवाय गुण देणारं औषध पुढे बनवता येईल. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, गोट्या पुरणं म्हणजे ओसीडी नव्हे, मान्य. पण सुहासदादा, तुमच्या भावाला हे सांगा की हा रस्ता बंद झालेला नाही, त्यावर माणसं काम करतायत.

रेवती_पूर्वी_धुणारी | मंगळवार, रात्री ९:२५

मला ओसीडी आहे. नऊ वर्षं. आज नोकरी करते, स्वयंपाक करते, लोकलने फिरते. तुम्ही विचारलंत हातात काय देऊ, तर हे द्या.

ईआरपी म्हणजे भीती वाटेल ते करायचं आणि त्यानंतरचं धुणं, विचारणं, तपासणं करायचं नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण कुणी तुम्हाला ढकलत नाही. आपणच यादी करायची, प्रत्येक भीतीला ० ते १०० गुण द्यायचे आणि खालून सुरुवात करायची. माझं पहिलं काम होतं दाराच्या कडीला एक बोट लावून दहा मिनिटं बसणं. त्या दहा मिनिटांत मला वाटलं मी मरणार. अकराव्या मिनिटाला भीती होती, पण तिचं वजन कमी झालं होतं.

आणि दादा, एक विचारू? तो तुम्हाला विचारतो का, 'माझ्या हाताला काही लागलं नाही ना?' आणि तुम्ही 'नाही रे' म्हणता का? माझ्या आईने सात वर्षं दिवसाला चाळीस वेळा 'नाही गं' म्हटलं. प्रेमाने. तेच 'नाही गं' माझा आजार पोसत होतं. आईचं तिसरं पिंपही तसलंच आहे हो. तिला सांगताना जपून सांगा.

सुहास_जुळेसोलापूर | मंगळवार, रात्री ११:५८

रेवतीताई, हो. विचारतो. मी म्हणतो.

बाळीवेस_बॉय | बुधवार, सकाळी ८:१२

दादा, मी वरती जे लिवलं ते चुकलं. माफ करा. काय मदत लागली तर सांगा, सिव्हिलला नंबर लावायला मी सकाळी जातो, आमच्या घरापास्नं जवळ पडतंय.

सुहास_जुळेसोलापूर | साडेनऊ आठवड्यांनंतर

मंडळी, धागा वर काढतोय. काय झालं ते सांगणं लागतो तुमचं.

टेलिग्रामवाल्याला भावाने स्वतः नकार कळवला. माझ्या म्हणण्याने नाही. प्राजक्ताताईंचं 'त्यालाच दारातून परत पाठवलं असतं' हे वाक्य त्याने तीनदा वाचलं. सिव्हिलच्या ओपीडीत गेलो, बाळीवेसच्या भावाने खरंच पहाटे जाऊन नंबर लावला होता. गोळी सुरू आहे, डोस टप्प्याटप्प्याने वाढवलाय. मळमळ दहा दिवस होती, गेली. ईआरपीसाठी एक मानसशास्त्रज्ञ बाई ऑनलाइन भेटल्या, आठवड्यातून एकदा. एका रात्री त्याला फारच खालावल्यासारखं वाटलं तेव्हा १४४१६ ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडची व्यक्ती मराठीत पाऊण तास बोलली.

येल-ब्राउनवर सुरुवातीला ३१ होते, आता २४. चोवीस तासांत शंभर टक्के नाही. पण हे सात गुण मी रोज डोळ्यांनी बघतोय.

सगळ्यात अवघड आईचं गेलं. बाईंनी तिला समजावलं, तरी पहिल्या पाण्याच्या दिवशी तिने सवयीने तिसरं पिंप भरलं आणि त्याच्यापुढे बसून रडली. मागच्या खेपेला दोनच भरली. भाऊ पन्नास मिनिटांत बाहेर आला, थरथरत होता, केस अर्धे कोरडे. त्या रात्री माझ्या दारात येऊन उभा राहिला. 'दादा, माझ्या हाताला...' आमचं ठरलेलं वाक्य मी म्हटलं, 'हा प्रश्न आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही.' तो बराच वेळ उभा होता. मग गेला. मला रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर तो झोपलेला.

यादी त्याने स्वतः केलीय, फ्रिजवर लावलीय. तळाशी, १५ गुण : जिन्याचा कठडा. मधे कुठेतरी, ६० गुण : शेंगाचटणी हाताने कालवून आईला वाढणं. सगळ्यात वर, १०० गुण : गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या गर्दीत शिरणं आणि घरी येऊन हात न धुता जेवणं. सध्या आम्ही ३५ वर आहोत. परवा पाणी आहे. कळवतो.